चार आण्यांत अवकाशात

अवकाश मोहिमांवरची टपाल तिकिटे जमवणाऱ्याची पहिली पात्रता म्हणजे ‘ह्याचे पैसे किती येतात?’ हे ऐकूनही चेहरा ढळू न देणे. सोलापुरात हा प्रश्न जेवणाच्या पानावरच निघतो. तेव्हा तोंडात भाकरीचा मोठा घास तयार असावा.

आरंभ आर्यभटापासून करावा. 19 एप्रिल 1975 रोजी हा 360 किलोचा उपग्रह सोव्हिएत अग्निबाणावर बसून वर गेला आणि त्याच वर्षी टपाल खात्याने 25 पैशांचे तिकीट काढले. उपग्रह 1992 मध्ये वातावरणात शिरून संपला, 2011 मध्ये चार आण्यांचे नाणेही चलनातून गेले. तिकीट अजून मिळते. शेजारी 1972 चे विक्रम साराभाई आणि 1984 चे भारत-सोव्हिएत उड्डाण बसवावे. 1993 चे डॉ. कोटणीसांचे तिकीट सोलापूरकर म्हणून आपण घेणारच, पण ते ह्या पानावर घुसडू नये. डॉक्टर चीनला गेले होते, चंद्रावर नव्हे.

शारजा, अजमान वगैरे अमिरातींनी साठ-सत्तरच्या दशकांत अंतराळवीरांची झगमगीत तिकिटे ढिगाने छापून घेतली, कित्येकांवर शिक्क्यासकट. स्वस्त पुडक्यात हीच निघतात. भाचरांत वाटून टाकावीत. भूतानची 1967 ची त्रिमिती तिकिटे मात्र दिसली तर सोडू नयेत.

पाकिटावरचे तिकीट ओढून काढणे हे पातक आहे. भोवती बोटभर कागद ठेवून कापावे, पाण्यात तरंगत सोडावे. डिंक विरघळला की ते आपणहून सुटते. मग चिमट्याने उचलून कोऱ्या कागदावर पालथे घालावे. सोलापुरी टॉवेलवर वाळवण्याचा गावाभिमान आवरावा: ओल्या कागदावर त्याचे ठसे उमटतात आणि आर्यभटाला देवी आल्यासारखे दिसते. वाळेपर्यंत पंखा बंद. मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बसणे ही अंतराळवीराच्या चाचणीपेक्षा सोपी गोष्ट नाही, हे मान्य. शेंगाचटणीच्या बोटांनी अल्बम उघडणाऱ्या पाहुण्याला चहा देऊन वाटेला लावावे. तेलाचा डाग दीर्घिका म्हणून खपत नाही.

धंद्याचा विचार मनात आलाच, तर अपोलो 15 आठवावे. 1971 मध्ये त्याच्या वीरांनी तिकिटे लावलेली 398 पाकिटे परवानगीविना चंद्रावर नेऊन परत आणली. प्रकरण उघडकीला आले आणि तिघांपैकी एकही पुन्हा अंतराळात गेला नाही.