पाचशेचा भाव

बापूंच्या गाड्या सहा, आणि माळ्यावर मडफ्लॅप साडेचारशे. यामागे पक्का हिशेब आहे, असं बापू म्हणतात.

दर ट्रकला चार फ्लॅप, म्हणजे चोवीस नगांत काम भागतं. २०१५च्या सुरुवातीला बापू तेवढेच आणायला कोल्हापुरात गेले होते. पण चोवीस घेतले तर नगाला ३०० रुपये आणि पाचशे घेतले तर १३०, हे ऐकल्यावर त्यांना फक्त मधले १७० दिसले. ते त्यांनी पाचशेनं गुणले. "मास्तर, एका दुपारात पंच्याऐंशी हजार वाचवलं बघा! तुमचा पगार किती?" खिशातून गेलेल्या पासष्ट हजारांचा विषय त्यांनी काढला नाही. समोर कांदाभजी होती, म्हणून मीही काढला नाही.

तसं हे गिऱ्हाईक भोळं नव्हे. फ्लॅप हातात आला की बापू आधी तो मधोमध दुमडतात. घडीवर पांढरट रेघ उमटली, की रबरात खडूची भुकटी फार. असला फ्लॅप रिव्हर्स घेताना चाकाखाली सापडला की टरकला. जड मालाला तर ते फसतच नाहीत, कारण ते वजन बहुधा भुकटीचंच. छपाईचं मर्मही त्यांना ठाऊक. शाईला काय लागतं? पैसे जातात फ्रेमला, आणि रंगागणिक फ्रेम वेगळी. स्वतःचं नाव टाकायचं तर नवी फ्रेम करावी लागणार होती. 'हॉर्न ओके प्लीज'ची मात्र कारखान्यात तयारच पडलेली. बापूंनी नावावर पाणी सोडलं आणि फ्रेमचेही पैसे वाचवले.

३० एप्रिल २०१५ला राज्य सरकारनं गाड्यांच्या पाठीवर नेमके हेच तीन शब्द लिहायला बंदी घातली. म्हणे, वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात.

बापू डगमगले नाहीत. चोवीसही फ्लॅप उलटे ठोकले, अक्षरं चाकांच्या बाजूला. "टायरला वाचू दे की!" उरलेल्यांतले काही म्हशींच्या पायाखाली गेले, काही भावकीच्या वास्तुशांतीला आहेर म्हणून. घेणाऱ्याच्या दारात बैलगाडीसुद्धा नसली तरी बापू जोडीनंच देतात.

परवा त्यांच्याकडे गेलो. बेल सापडेना, म्हणून उंबऱ्याशी पाय पुसत खाकरलो. आतून नातू ओरडला, "गुरुजी, खाकरताय कशाला? पायाखाली काय लिवलंय ते वाचा की!"

इकडंतिकडं पाहिलं, गल्लीत कुणी नव्हतं. हळूच 'पोंऽऽ' केलं. दार उघडलं.