लाल पेनवाले सर

सोसायटीच्या फाटकात विटांचा टेम्पो बंद पडला. चेअरमननी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, गेटवर 'हर्डल' आहे, गाड्या मागून काढाव्यात. अर्ध्या तासात त्या शब्दाखाली लाल रेघ उमटली. सरांना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. लाल पेन मात्र सेवेतच आहे.

"हर्डलवरून उडी मारायची असते. तुम्ही टेम्पोवरून मारणार का?"

कुणीच मारणार नव्हतं. तरी सर थांबले नाहीत. हर्डल म्हणजे मुळात मेंढ्या कोंडायची, काटक्या विणून केलेली ताटी. 110 मीटरच्या शर्यतीत तशा दहा, प्रत्येक 106.7 सेंटीमीटर उंच. पाय लागला तर आडव्या होतात. "आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं तसं नाही. स्टीपलचेसमधला अडथळा पडत नाही, आपणच पडतो. तो बॅरिअर!"

"मग टेम्पो बॅरिअर का?" चेअरमननी विचारलं. सोसायटीत नवीन आहेत.

"बॅरिअर मुद्दाम घालतात हो, नाक्यावर घालतात तसा. हे ऑब्स्ट्रक्शन. वाट बुजली! गटारात पिशव्या अडकतात ना, तसं."

"साहेब, नुसती क्लचप्लेट गेलीय," टेम्पोवाला दुखावून म्हणाला.

क्लचप्लेट म्हणजे 'स्नॅग', हेही सरांनी त्याला सांगितलं. स्नॅग म्हणजे नदीत पाण्याखाली दडलेला ओंडका. अमेरिकेत त्यावर आपटून आगबोटी बुडायच्या. टेम्पोवाल्याला हे पटलं असावं. तो बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

सरांचा एकच राग: मराठी माणूस सगळ्याला 'अडथळा' म्हणतो. मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, इम्पेडिमेंट म्हणजे काय?"

"लॅटिन. पायात बेडी घालणं. पेद म्हणजे पाय."

"मग आपला खोडा? तोही पायातच घालतात. आणि बॅरिअरमधला बार म्हणजे दाराचा अडसर."

सर दोन मिनिटं गप्प बसले. त्यांच्या घरी एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. आतून काकू बघून गेल्या, सरांना बरं आहे ना म्हणून. दुसऱ्या दिवशी सर मोल्सवर्थचा कोश घेऊन दारात हजर. आता त्यांना दोन भाषांत चुका सापडतात.

परवा जिन्यात मला गाठून रोमन सैन्य समजावत होते. सैन्याबरोबरच्या सामानसुमानाला ते इम्पेडिमेंटाच म्हणत. ओझ्याने चाल मंदावते ना. तेवढ्यात खालून गॅसवाला आला. खांद्यावर भरलेलं सिलिंडर, पुढे सर. जिना अरुंद. सरांचे डोळे चमकले. त्यांनी सिलिंडरकडे बोट दाखवलं.

"इम्पेडिमेंट!"

"नाही सर," गॅसवाला धापा टाकत म्हणाला, "घरगुती."