मुदतवाढीचे नगरशास्त्र

महानगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली म्हणजे आमच्याकडील इमले अनधिकृतपणाच्या पातकातून भराभर मुक्त होऊ लागतात. गुंठेवारीचा कायदा 2001 साली झाला, तेव्हा 1 जानेवारी 2001 पूर्वीचीच बांधकामे नियमित करावयाची असे ठरले होते. हा निर्धार इतका करारी निघाला की 2021 मध्ये ती तारीख 31 डिसेंबर 2020 वर जाऊन बसली. मुंबईतील झोपड्यांची संरक्षक तारीखही अशीच 1995 वरून 2000 वर, आणि तेथून सशुल्क पुनर्वसनाच्या मिषाने 2011 वर, मजल दरमजल करीत आली आहे.

विकास आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर ज्याचे तीन मजले उभे आहेत, त्या सद्गृहस्थाच्या ओटीवर बसून, त्याच्याच घरचा चहा बशीत ओतीत, प्रभागाला उद्यान मिळवून देण्याची ग्वाही देणारा उमेदवार प्रत्येकाने पाहिला असेल. त्याला ढोंगी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण कायदाच त्याच्या मदतीस उभा आहे. 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 127 अन्वये दहा वर्षांत राखीव जमीन संपादन झाली नाही, मालकाने रीतसर नोटीस बजावली आणि पुढील चोवीस महिन्यांतही दप्तर हलले नाही, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते. आणि काही न करण्याचे हे एक काम आमच्या पालिका ठरल्या मुदतीत, बिनचूक पार पाडतात.