चोवीस आऱ्यांचा हिशेब

वसईच्या माणिकपुरातला 15 ऑगस्ट आधी पावसाचा असतो, मग देशाचा. खडू फासून पांढरे केलेले बूट शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत चिखलाचे होतात, आणि ‘सावधान’ कानावर पडल्यावरही पोरांच्या पायांची बोटं बुटातल्या पाण्यात चुळबुळत राहतात. दोरी ओढली जाते. ओला झेंडा उलगडायला, मुंजीत मातृभोजनाला बसलेल्या बटूसारखे, थोडे आढेवेढे घेतो, आणि मग आत बांधलेल्या पाकळ्या गठ्ठ्यानेच गुरुजींच्या टोपीवर येतात. हसायचं नसतं, म्हणून त्या हसण्याला अधिकच गोडी.

मला मात्र त्याआधीचा आठवडा प्रिय आहे, वहीत झेंडा काढण्याचा. लांबी रुंदीच्या दीडपट, हे पट्टी सांभाळून घेते. तीन पट्टेही जमतात. घोडं अडतं ते चक्राशी. बांगडी ठेवून वर्तुळ निघतं, पण 24 आरे? कोनमापकाने दर 15 अंशांवर खूण करावी, तर तेवढा धीर कुणाला! पोरं वरून सुरुवात करतात, ऐसपैस, आणि शेवटी जागा तरी उरते किंवा आरे तरी. शेजारच्या पहिलीतल्या मुलीचं चक्र 17 आऱ्यांवरच भरलं. विचारलं तर शांतपणे म्हणाली, “बाकीचे मागच्या बाजूला आहेत.” चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे, असं ध्वजसंहिता सांगते. पण हे तिला सांगण्याचं धाडस मला झालं नाही.

मग रंगांचे अर्थ. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने हा ध्वज स्वीकारला, तेव्हा डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचं नातं मातीशी आणि झाडाझुडपांशी जोडलं होतं. इथे ते फोड करून सांगावं लागत नाही. टॉवरांच्या आडून अजून एखादी केळीची वाडी डोकावते. पांढऱ्याला वसईची मिठागरं आहेत. अडचण केशरी रंगाची. त्याग म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या जिवाला कसं सांगणार? आमच्याकडे उत्तर आहे: झेंडावंदनाचा बुंदीचा लाडू धाकट्या भावासाठी घरी आणणं. रंगही जुळतो. लाडू पोचतो तेव्हा त्याला दातांची नक्षी असते, पण पोचतो.

लाडवापलीकडच्या त्यागाची गोष्टही याच जिल्ह्यातली. पालघरला 14 ऑगस्ट 1942 रोजी निघालेल्या ‘चले जाव’ मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. पुढच्याच महिन्यात, 9 सप्टेंबरला, नंदुरबारला शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा तिरंग्यासाठी पडला. त्या तिरंग्यावर चक्र नव्हतं, चरखा होता. आरे मोजायचा प्रश्नच नव्हता. हे ऐकल्यावर ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “त्यांना खाऊ मिळाला होता का?” मी इतिहासाची बरीच पुस्तकं चाळलीत, पण त्यांतल्या कुणालाही हा प्रश्न सुचलेला नाही.

तेव्हा अर्थांचं पाठांतर पुरे झालं. यंदा 14 ऑगस्टला मुलांना डहाणू लोकलने पालघरच्या हुतात्मा स्तंभापाशी घेऊन जा. लाडू जास्तीचे घ्या, सफाळ्यापर्यंतच संपतात. आणि शाळा बुडाली तरी चालेल.