चार्जरवैद्य

पूर्वी पुण्यातल्या प्रत्येक वाड्यात एक तरी गृहस्थ असा असे की, त्याला विंचू उतरवता येतो अशी सार्वत्रिक समजूत असे आणि ती खोडून काढण्याची खुद्द त्या गृहस्थाचीही इच्छा नसे. वाडे पडले, विंचूही दुर्मीळ झाले. परंतु ते पद काही रद्द झाले नाही. विजेच्या मोटारी आल्या, वाहनतळाच्या भिंतींवर चार्जरच्या पेट्या टांगल्या गेल्या आणि प्रत्येक सोसायटीत एकेक चार्जरवैद्य उत्पन्न झाला.

आमच्याकडे हा अधिकार अण्णांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. विजेची मोटार त्यांच्या मालकीची नाही. त्यांची जी जुनी स्कूटर आहे, ती अद्यापही सकाळी एका कुशीवर कलंडवल्याखेरीज सुरू होत नाही. परंतु स्वतः अविवाहित राहून इतरांची पंचवीस लग्ने जमवणारे मध्यस्थ आपल्याकडे थोडे नाहीत, आणि त्यांचा अधिकार कोणी विचारत नाही. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो आणि चष्म्याच्या घरात मल्टिमीटर. चष्मा कपाळावर असतो.

वाताने, पित्ताने आणि कफाने जसे यच्चयावत मानवी रोग होतात, तसे चार्जरचे सर्व विकार अर्थिंग, जोडणी आणि भार या त्रिदोषांतूनच उद्भवतात, असा अण्णांचा सिद्धान्त आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तो बहुतांशी खरा आहे. पंधरा अँपियरच्या साध्या सॉकेटवर मोटार लावणाऱ्या एका तरुणाच्या प्लगची पिन काळी पडली, तेव्हा अण्णांनी केलेले विवेचन मी स्वतः ऐकले आहे. "अहो, गीझर हा पंधरा मिनिटांचा पाहुणा," ते म्हणाले, "चहा पिऊन जाणारा. ही तुमची गाडी रात्रभर मुक्कामाला येते. आठ तास चौदा-पंधरा अँपियर ओढायचे म्हणजे सॉकेटातला एक ढिला स्क्रूदेखील निखारा होतो!" त्याच तरुणाने तत्पूर्वी एक्स्टेन्शन बोर्ड वापरला होता, हे जबानीत बाहेर येताच अण्णांनी जी मुद्रा केली, ती मी केवळ मुलीच्या पळून जाण्याची वार्ता ऐकणाऱ्या नाटकातल्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिली आहे.

पावसाळा हा त्यांचा सुगीचा काळ. केबलच्या तोंडात ओल शिरते, तीस मिलिअँपियर इतकी क्षुल्लक गळती होताच आरसीसीबी खाली पडते आणि मालक ती वर करकरून थकतात. "ती पडते म्हणून तुम्ही जिवंत आहात," एवढेच बोलून अण्णा फडके मागतात. सात किलोवॅटच्या चार्जरला बत्तीस अँपियरचीच एमसीबी बसवणाऱ्या कारागिराविषयी मात्र ते जे बोलतात, ते येथे देता येत नाही. चाळीसची हवी आणि तार सहा चौरस मिलिमीटरची हवी, एवढाच त्यातला छापण्याजोगा भाग.

गेल्या वैशाखात माझाच चार्जर रुसला. केबल लावावी, दिवा लागावा, आणि वीज मात्र थेंबभरही गाडीत उतरू नये! मी अण्णांना वर्दी दिली. ते आले ते थेट चार्जरकडे गेलेच नाहीत. आधी त्यांनी खुर्ची मागवली, मग माझी जबानी घेतली. कधीपासून? किती वाजता? त्या वेळी पंप चालू होता काय? लिफ्ट? कोणाच्या नातवाने तो तांबडा आपत्कालीन खटका दाबला होता काय? (हा प्रश्न फिजूल नव्हे, गेल्या दिवाळीत तीन कुटुंबे तीन दिवस चार्जरच्या नावाने बोटे मोडत असताना, तो खटका नुसता फिरवून सोडवण्याचे श्रेय अण्णांनाच मिळाले होते.) अखेर मल्टिमीटर बाहेर निघाला. फेज आणि न्यूट्रल यांत दोनशे तीस, ठीक. न्यूट्रल आणि अर्थ यांत अकरा! अण्णांनी तो आकडा मला, रखवालदाराला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या दोघांना दाखवला. "दोन-तीनच्या वर जाता कामा नये. तुमचा अर्थिंगचा खड्डा तहानेने मेला आहे. अर्थ नीट नसेल तर चार्जर वीज सोडतच नाही. तो तुमच्यापेक्षा शहाणा आहे. दोन बादल्या पाणी ओता."

कोळसा आणि मीठ पोटात घेऊन इमारतीच्या मागे निपचित पडलेल्या त्या खड्ड्यात मी, भर उन्हात, दोन बादल्या पाणी ओतले. मीटरवर अकराचे चार झाले. चार्जर तरीही ढिम्म! "पाणी मुरायला वेळ लागतो," असा फैसला देऊन अण्णा उठले.

रात्री सुनेपाशी ही कर्मकथा काढली, तेव्हा तिने शांतपणे फोन उघडून दाखवले की, रात्री बारापूर्वी चार्जिंग सुरूच होऊ नये, असे वेळापत्रक तिने आठवड्यापूर्वी गाडीत घालून ठेवले होते. मी दिवसा प्रयत्न करत होतो, एवढाच काय तो दोष. बाराच्या ठोक्याला खाली जाऊन उभा राहिलो. पेटीत टक् असा आवाज झाला आणि गाडी निमूटपणे वीज पिऊ लागली.

सकाळी जिन्यात अण्णा भेटले. "काय, मुरलं ना पाणी?" त्यांनी विचारले. त्या चेहऱ्याकडे पाहून वेळापत्रकाचा उल्लेख करण्याचे धैर्य मला झाले नाही. "मुरलं," मी म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम सोसायटीने माझ्याकडे दिले आहे.