आतली गोष्ट

जिममध्ये नाव घालायला गेलं की एक फॉर्म भरून घेतात. वजन, उंची, रक्तगट, साखर आहे का, बीपी आहे का, पूर्वी काही ऑपरेशन झालंय का, आणि काही बरंवाईट झालंच तर फोन कुणाला करायचा. मग सूचना सुरू होतात. बूट वेगळे आणा, टॉवेल आणा, डंबेल उचललं तिथे ठेवा, आरशासमोर फोटो काढत उभे राहू नका. पण पँटच्या आत काय घालून यायचं, याबद्दल अवाक्षर नाही. माणूस उठाबशा काढणार, पाय फाकवून वजन उचलणार, पट्ट्यावर धापा टाकत पळणार. या सगळ्याचा पहिला जाच ज्या मुलखाला होतो, त्याबद्दल मात्र सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. आमचं उरण हे मूळचं मिठागरांचं गाव असल्यामुळे इथे गुळणीला मीठ कमी पडत नाही, हेही खरंच.

विचारायची सोय नाही असंही नाही. आमचा ट्रेनर भला पोरगा आहे. सिडकोने जमिनीच्या बदल्यात दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे जिम, आणि त्यात हा सकाळी साडेपाचपासून हजर. अंडी किती खायची, पिवळं कधी टाकायचं, यावर तो तासभर बोलू शकतो. मी एकदा धीर करून आतल्या कपड्यांचं विचारलं, तर आरशातल्या स्वतःच्या दंडाकडे बघत तो म्हणाला, “सर, कम्फर्टेबल असेल ते काहीपण.” विषय संपला.

तालमीत याच्या नेमकं उलट होतं. तिथे आतला कपडा आणि बाहेरचा कपडा असा भेदच नव्हता. होता तो एकच, आणि त्याला नियम होते. जाड सुती कापडाचा त्रिकोण, बहुधा लाल. दोन टोकांना बंद आणि तिसऱ्या टोकाला लांबलचक पट्टा. त्रिकोण मागे धरून बंद पुढे आणायचे, गाठ मारायची, पट्टा पायांमधून पुढे घेऊन बंदाखालून वर काढायचा, ओढायचा आणि परत मागे नेऊन खोचायचा. या सगळ्यात ‘ओढायचा’ हीच खरी विद्या. सैल राहिला तर भर हौद्यात शोभा, आणि फार आवळला तर जोर मारताना डोळे पांढरे. नव्या पोराचा लंगोट वस्ताद स्वतः ओढून बघे आणि सगळ्यांसमोर सांगे की पुन्हा बांध. पोरगंही निमूटपणे पुन्हा बांधी. लंगोट आपला आपण धुवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, दुसऱ्याचा घ्यायचा नाही. यातला निम्मा भाग मारुतीरायाच्या आणि ब्रह्मचर्याच्या खाती जमा होई, पण उरलेला निम्मा त्वचेच्या डॉक्टरलाही मान्य व्हावा असा होता.

आणि लाज म्हणाल, तर तीही नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं ते 1912 साली. रोमचं कलोसियम पाहून त्यांच्या मनात हे आलं, असं सांगतात. तिथे हजारो माणसं गोल बसून जे बघत, ते लंगोट-जांघियावरच्या दोन माणसांना. त्यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नसे. आज त्याच महाराष्ट्रातला पंचविशीतला गडी, छाती चव्वेचाळीस इंच, जिमच्या कपाटाचं दार आडवं धरून, टॉवेल दातात पकडून, एका पायावर लंगडत चड्डी बदलतो. उघड्या अंगाची भीड त्याला अजिबात नसते. स्टेजवर हाताच्या पंजाएवढ्या ट्रंकमध्ये, सर्वांगाला तपकिरी रंग फासून ‘महाराष्ट्र श्री’ला उभं राहायचं त्याचं स्वप्न असतं. संकोच असतो तो फक्त बोलण्याचा.

मल्लखांबाची गोष्ट तर आणखी नाजूक. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. एरंडेल चोपडलेला सागवानी खांब दोन मांड्यांत धरायचा आणि उलटं व्हायचं. अशा वेळी कापडाची एक सुरकुती जरी चुकीच्या जागी आली तरी काय होईल, हे पुरुष वाचकांना सांगायला नको आणि स्त्री वाचकांनी विचारू नये. मल्लखांब शिकवणारे लंगोटाबाबत इतके काटेकोर का असतात, हे खांबाला एकदा मिठी मारली की कळतं.

उरणला मात्र व्यायामासाठी तालमीत जायची कुणाला गरज होती? मोरा आणि करंजा बंदरांवर कोळी माणूस कमरेला रुमाल गुंडाळून गुडघाभर पाण्यात होडी ओढायचा. मिठागरातला आगरी माणूस लंगोटीवर, भर वैशाखात, खारट चिखल तुडवत मीठ ओढायचा आणि भरलेली टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालायचा. आज आमच्या जिममध्ये ‘फार्मर्स वॉक’ म्हणून दोन हातांत वजनं घेऊन फेऱ्या मारतात, त्याची फी भरावी लागते. लंगोटी करदोट्याला अडकवली की पेहराव पूर्ण. घाम थांबायला कापडच नव्हतं. वारा चारी बाजूंनी. पुढे मिठागरांवर भराव पडले, त्यावर कंटेनरची यार्डं झाली, आणि त्या माणसांचे नातू आत घट्ट चड्डी, त्यावर ट्रॅकपँट, असे थरावर थर चढवून वातानुकूलित खोलीत घाम काढायला येऊ लागले.

अमेरिकेतला माणूस या प्रश्नापाशी वेगळ्या वाटेने आला, पण आला तो लंगोटाजवळच. 1874 साली चार्ल्स बेनेट नावाच्या गृहस्थाने बॉस्टनच्या दगडी रस्त्यांवर सायकल हाकणाऱ्यांसाठी एक आधारपट्टा काढला. दगडांवरून सायकल उडायची आणि बसणाऱ्याचे हाल व्हायचे. त्यावरचा तो इलाज. तोच जॉकस्ट्रॅप. कमरेला पट्टा, पुढे झोळी, मागे मोकळं. आपल्या कुठल्याही पैलवानाने बघून म्हटलं असतं, “इलास्टिकचा लंगोट आहे की!” पुढे 1935 च्या जानेवारीत शिकागोतल्या एका मोठ्या दुकानात आज जॉकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने त्याच आधाराच्या कल्पनेवर बेतलेली, पाय नसलेली चड्डी विकायला ठेवली. बाहेर हिमवादळ चालू, तरी दुकानावर लोकांची झुंबड उडाली. आज उरणच्या बाजारात खोक्यावर गोरा माणूस छापून जी चड्डी मिळते, ती या सायकलवाल्यांच्या घराण्यातली.

आणि 1977 साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये तीन बायकांनी पळताना होणाऱ्या त्रासाला कंटाळून स्पोर्ट्‌स ब्राचा पहिला नमुना शिवला, तो दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना जोडून. हा किस्सा मी घरी सांगितला तेव्हा बायको म्हणाली, “बघा, तुमच्या कपड्याचा उपयोगसुद्धा आम्हालाच करून घ्यावा लागतो.” बायकांच्या बॅचमध्ये म्हणे हा विषय खुलेआम चालतो. कुठली टोचते, कुठली दोन धुण्यांत ढिली पडते, नेरुळला कुठल्या दुकानात बरी मिळते, सगळं. पुरुषांच्या बॅचमध्ये क्रिएटिनवर चर्चा होते.

न बोलता जेवढं कळतं त्यावरून आमच्याकडे चार पंथ दिसतात. पहिला पाटलोण-पंथ. हे घरातल्याच ढगळ बॉक्सरवर ट्रॅकपँट चढवून येतात. उठाबशा काढताना आतलं कापड गोळा होऊन वर सरकतं, मग दर सेटनंतर कोपऱ्यात जाऊन पाठमोरं उभं राहावं लागतं. दुसरे जुन्या वळणाचे, त्रिकोणी चड्डीवाले. आधार चोख, पण जांघेतलं इलास्टिक पट्ट्यावर पाच-सहा किलोमीटर झाले की मांडीवर आपली सही करतं. तिसरे मांडीभर लांब, अंगाला चिकटून बसणाऱ्या चड्डीचे. आणि चौथे निर्गुणपंथी.

या चौथ्यांबद्दल मला थोडी असूया आहे आणि बरीचशी काळजी. त्यांना परंपरा थोर आहे. ग्रीक लोक व्यायाम आणि शर्यती नागडेच करत. इसवी सनापूर्वी 720 मध्ये मेगारा गावचा ऑर्सिपस ऑलिम्पिकमध्ये पळताना कमरेचं सुटून पडलं तरी थांबला नाही आणि जिंकला, अशी कथा आहे. पॉसेनियस नावाच्या प्रवासवर्णनकाराचं मत असं की ते त्याने मुद्दामच सोडलं, कारण मोकळा माणूस जास्त वेगाने पळतो. असेल. पण ऑर्सिपसला लेग प्रेसवर बसायचं नव्हतं. पाय छातीशी घेऊन, समोर भिंतभर आरसा आणि शेजारी रांगेत उभी असलेली गावातली ओळखीची माणसं, अशा स्थितीत राखाडी पातळ ट्रॅकपँट आणि तिच्या आत केवळ आत्मविश्वास, हे काही खरं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बहुधा कुणीतरी लेग प्रेस पाहूनच म्हटलं असावं. ज्यांना मोकळंच राहायचं आहे त्यांनी आत जाळीचं अस्तर असलेल्या धावायच्या चड्ड्या घ्याव्यात. त्या त्यासाठीच असतात.

घट्ट की सैल, यावर शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, पण ते वेगळ्या कामाचं. 2018 साली बॉस्टनच्या एका रुग्णालयात वंध्यत्वावरच्या उपचारांसाठी आलेल्या 656 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध झाली. सैल चड्डीवाल्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंचं प्रमाण इतरांपेक्षा 25 टक्के जास्त निघालं. निसर्गाने हा कारखाना शरीराबाहेर, जरा थंडाव्याला बसवला आहे, तो कोंडला की उत्पादन घटतं, एवढाच अर्थ. घट्टवाल्यांचं प्रमाणही बहुतेक ठीकच होतं, तेव्हा लग्न ठरलेल्या पोरांनी घाबरू नये. फक्त जिमची चड्डी दिवसभर अंगावर मिरवू नये. आमच्या वयाच्या लोकांनी हा परिच्छेद माहितीखातर वाचावा.

दुसरा समज तालमीपासून चालत आला आहे: लंगोट कसला की अंतर्गळ होत नाही. हे खरं नाही. वरून बांधलेल्या कापडाने पोटाची आतली भिंत मजबूत होत नाही. श्वास कोंडून, हिसका मारून न झेपणारं वजन उचलणं टाळावं, आणि जांघेत फुगवटा दिसला तर ट्रेनरला नाही, सर्जनला दाखवावा.

आमच्याकडचा खरा शत्रू वजन नाहीच, ओल आहे. तिन्ही बाजूंनी खारी हवा आणि जुलैत चार-चार दिवस सूर्य नाही. दोरीवरची चड्डी वाळत नाही, नुसती गार होते. मग ती पंख्याखाली, फ्रिजच्या मागे, शेवटी इस्त्रीखाली. सुती कापड अंगाला मऊ, पण घाम पितं आणि धरून बसतं. पॉलिएस्टर घाम बाहेर सोडतं, रात्रीतून वाळतं, पण वास असा धरतं की धुतल्यावरही मागच्या सोमवारचा व्यायाम ओळखता यावा. जिममधून पोरं तशीच घामेजल्या कपड्यांत मोऱ्याला पळतात, भाऊच्या धक्क्याची लाँच गाठायला; नाहीतर स्टेशनवर. जानेवारी 2024 मध्ये उरणला लोकल आल्यापासून नेरुळ-बेलापूरच्या नोकऱ्यांची घाई आणखी वाढली. तेवढ्या प्रवासात जांघेत जी ऊब तयार होते, तिच्यात नायटा आनंदाने संसार थाटतो.

आणि इथेही तोंड उघडायचं नाही. पोरगं मेडिकलमध्ये जातं, गिऱ्हाईक कमी व्हायची वाट बघतं आणि हळूच “खाजेचं ट्यूब” म्हणतं. मिळतं ते बरेचदा स्टेरॉइड मिसळलेलं मलम. दोन दिवसांत खाज बंद, पोरगं खूश. बुरशी मात्र पसरत राहते आणि महिन्याभरात मांडीभर गोल नकाशे उमटतात. त्वचेचे डॉक्टर देशभर हेच घसा कोरडा करून सांगताहेत. उपाय बिनपैशाचा आहे: व्यायाम झाला की लगेच अंग पुसून कोरडी चड्डी घालायची, टॉवेल कुणाला द्यायचा नाही, ओली चड्डी पिशवीत कोंबून संध्याकाळपर्यंत विसरायची नाही. म्हणजे वस्तादचे नियम, फक्त मारुतीशिवाय.

माझं स्वतःचं मत तिसऱ्या पंथाकडे झुकतं. मांडीभर लांब, शिवण आतल्या बाजूला न येणारी, कापूस जास्त आणि ताण देणारा धागा थोडा. घासत नाही, सरकत नाही. पावसात मात्र पॉलिएस्टर, वासाची तयारी ठेवून.

ती आणायला बाजारात गेलो. दुकानात छतापर्यंत खोकी, प्रत्येकावर पोट आत घेतलेला पुरुष. गल्ल्यावरच्या पोराने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि नव्वद की पंच्याण्णव हे न विचारताच पंच्याण्णवचं खोकं खाली ओढलं. मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “दादूस, रोजची पायजे का जिमची?” शेजारी ब्लाऊजपीस बघत एक कोळीण आजी बसली होती, पायाशी रिकामी पाटी. तिने मान वळवली. खोक्यातून एक चड्डी उचलली, दोन्ही अंगठे इलास्टिकमध्ये घालून खसकन ताणली, सोडली, परत ताणली.

“यो टिकाचा नाय,” ती त्या पोराला म्हणाली. “दुसरी कार.” दुसरी आली. तीही ताणून झाली. मग तिने कापड उलटं करून शिवणीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, “ही घे बाला, सुती हाय. आन दोन घे, पावसालान सुकत नाय.”

पोराने दोनचे पाचशे सांगितले. आजीने ब्लाऊजपीस बाजूला ठेवला आणि आधी माझा भाव करून दिला.