टेस्टर आबा

बोअरची मोटर बंद पडल्याची बातमी मालकाच्या घरात पोचायच्या आत टेस्टर आबांना पोचते. कशी, ते विचारू नये. जालन्याकडच्या अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात मोसंबीच्या बागा आहेत आणि असा एक आबा नाही, असं गाव दाखवा. आबा वायरमन नाहीत, वायंडिंगवाले नाहीत, वीज कंपनीत कधी कामाला नव्हते. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असतो, तीच पदवी.

आबा कशालाही हात लावत नाहीत. हात लावतो तो मिस्त्री. स्टार्टरच्या पेटीपुढे उभं राहून ते आधी वास घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात, "कंडेन्सर गेला."

"आबा, ही थ्री फेज आहे. हिला कंडेन्सर नसतो," आयटीआय केलेलं एखादं पोरगं बोलून जातं.

आबा त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. "नसतो ना? मग जळंल नाही तर काय करंल?"

खरं कारण बहुतेक वेळा डीपीवर सापडतं. तिथला एक फ्यूज उडतो, मोटर दोनच फेजवर घुंऽऽ करत राहते, करंट जास्त ओढते आणि वायंडिंग भाजून निघतं. त्यातून लाइट रात्रीच्या पाळीची, पॅनलला ऑटो लावलेला आणि मालक घरी घोरत पडलेला. पण डीपी गावाबाहेर, उन्हात. आबांची निदानं सावलीच्या हद्दीत होतात.

मोटर वर काढायची म्हणजे मात्र सोहळा. चेन-पुली लागते, चार गडी लागतात, पाइप एकेक करून वर येतो आणि बांधावर निम्मं गाव जमतं. आबा बोअरच्या तोंडाशी उभे राहून "हळू... हळू... धर..." एवढंच म्हणत असतात. ते हे न म्हणते तर गड्यांनी मोटर जोरात आपटली असती, अशी त्यांची खात्री आहे. मागच्या उन्हाळ्यात एक मोटर अशीच वर आली. मिस्त्रीनं केबलच्या जॉइंटवरची काळी टेप सोलली. आतून चमचाभर गढूळ पाणी निथळलं आणि तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या दिसल्या. जॉइंटात पाणी शिरलं होतं, मोटर ठणठणीत.

"सकाळधरनं काय सांगायलोय मी?" आबा म्हणाले.

सकाळपासून ते कंडेन्सर सांगत होते. पण एवढ्या माणसांत हे बोलून दाखवायला कोणाची जीभ रेटली नाही. आबांची खरी कमाई हीच आहे.

2012च्या दुष्काळात त्यांच्या विद्येला सुगी आली होती. त्या वर्षी मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. ज्यांना परवडलं त्यांनी टँकरनं झाडं जगवली. बोअर आटले की मोटर कोरडी फिरते. तिच्या बेअरिंगांना वंगण आणि गारवा पाण्याचाच, ते नसलं की ती तापून बसते. गावोगाव मोटरी बसल्या आणि आबा बांधाबांधानं फिरून कंडेन्सर, बुश, वायंडिंग असे निकाल देत राहिले. "खाली पाणीच नाही" हे निदान त्यांनी एकदाही केलं नाही. लोकांनाही ते ऐकायचं नव्हतंच. मोटर भरून आणता येते, बोअर कुठून भरून आणणार? त्या वर्षापुरतं मी आबांना सगळं माफ केलं आहे.

आबांचा भाचा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. त्या राज्याला दहा हजार तळ्यांची भूमी म्हणतात. तिथं राहून त्यानं जुनी फायबरची बोट घेतली, यात त्याचा दोष नाही. तिच्या मागं टांगलेलं इंजिन बटणानं वर-खाली कलतं. बारा व्होल्टची एक लहान मोटर तेल दाबते आणि त्या तेलाच्या जोरावर इंजिन उचललं जातं. या सोयीला ते लोक पॉवर ट्रिम म्हणतात. एके दिवशी बटण दाबून इंजिन हलेना. तिथल्या मिस्त्रीचा खर्च ऐकून भाच्यानं सकाळीच मामाला व्हिडिओ कॉल लावला. इकडं दिवेलागण झाली होती आणि पारावर श्रोते हजर होते. बोटीशी आबांचा संबंध शहागडच्या पुलावरून गोदावरी पाहिली, तेवढाच.

"बटण दाबल्यावर टक वाजतं का?"

"वाजतं मामा."

"मंग रिले शाबूत आहे. स्टार्टर धरायलाय, मोटर उचलंना. तेल?"

"भरलेलं आहे."

"मोटरीच्या वायरी कित्ती?"

"दोन. निळी आणि हिरवी."

"बॅटरीवरून डायरेक्ट दे."

भाच्यानं दिली. मोटर गुरगुरली आणि इंजिन आणखी खाली गेलं. पारावर हशा पिकला. "हसता काहून? वायरी उलट्या कर रे," आबा म्हणाले. केल्यावर इंजिन डौलानं वर आलं. म्हणजे मोटर चांगली, खोट मधेच कुठंतरी. आबांच्या सांगण्यावरून अर्थिंगचा बोल्ट उघडून बघितला तर गंजून हिरवा झालेला. रिलेला चिमूटभर करंट पुरतो, मोटरला ओंजळभर लागतो. गंजलेल्या बोल्टातून चिमूटच पलीकडं जात होती. कानशीनं घासून बोल्ट आवळला आणि बोट सुधारली.

आबांनी पाहिलेल्या मोटरींपैकी त्यांचं निदान बरोबर आलेली ही पहिलीच असावी, आणि तिचा वास त्यांना घेता आला नव्हता, याकडं मी आपलं लक्ष वेधतो.

तेव्हापासून कंडेन्सर मागं पडला. गावात पिठाची गिरणी थांबो की कडब्याची कुट्टी मशीन, आबा वास घ्यायच्या आधीच सांगतात, "अर्थिंग बघा. मिनेसोटाला बी हेच निघालं."

परवा एका विहिरीवर मिस्त्रीनं शेवटी पकड खाली ठेवली. "आबा, ह्या पेटीला अर्थिंगच न्हाई. बघू काय?"

"न्हाई ना?" आबा म्हणाले. "मंग जळंल नाही तर काय करंल?"